एवढं

पौषातली पहाट. तिरूचं पाणी मागं सरकलेलं,
उघड्या गाळावर वीतभर कोवळं गवत,
इतकं हिरवं, की रझियाबीच्या पोरानं
त्याचा फोटो काढून ठेवला होता.

वानेरी आडवी. विऊन एकवीस दिवस.
पाय हवेत चालत होते,
दात करकरत होते, तोंडाला फेस.
"पोट बघा सायब, टम्म भरलंय.
उपाशी म्हणावं तरी कसं?
कालधरनं कान थरथरायलेत.
मला वाटलं, माश्या."
पौषात कुठल्या माश्या, हे मी बोललो नाही.

हिरव्याच्या कणाकणात, अगदी मधोमध
मॅग्नेशियम बसलेलं असतं,
हा प्रश्न आम्हाला पाच मार्कांना होता.
त्याच हिरव्यातून ते गायीच्या अंगी लागत नाही,
हे मात्र गोठ्यातच शिकलो.
वरच्या उसाचं खत उतरतं, गाळात मुरतं,
गवत पोटॅश पिऊन तरारतं
आणि पोटात गेल्यावर पोटॅश दार अडवून बसतं.
हाडांत साठा असतो म्हणे,
पण हाडं वेळेला उसनं देत नाहीत.
दूध तर रोज थोडं घेऊन जातंच.

बाटली काखेत धरून कोमट केली.
सुई शिरेत. मुबीननं बाटली खांद्याएवढी धरली.
"खाली घे. अजून खाली."
थेंब. मग थेंब.
माझा कान तिच्या बरगडीला.

वाढवण्याला एकदा मी घाई केली होती.
दुसरा फोन वाजत होता, अंधार पडत होता,
बाटली उंच धरून मोकळी सोडली
आणि काळीज मधेच थांबलं.
मालक म्हणाला, नजर लागली.
मी मान हलवली.
व्हिजिटचे पैसे घेतले नाहीत, एवढंच.

अर्ध्या तासानं वानेरीचे पाय थांबले.
आधी एक कान स्थिर झाला, मग दुसरा.
मग ती शेणली, आणि रझियाबी हसली.

सांगितलं: सांजच्याला परत येतो, पुन्हा पडू शकते.
तळ्यावर सोडायच्या आधी कडबा घाला,
तोच पिवळा, ज्याचा फोटो कोणी काढत नाही.
आणि पेंडीत ही पावडर, रोज, पन्नास ग्रॅम.

घरात वजनकाटा नव्हता.
तिनं तळहात पुढं केला.
मी ओतत गेलो, थांबलो,
म्हणालो, एवढं.
तिनं मूठ मिटली, उघडली,
पुन्हा मिटून बघितली.