दम

कुताइसीत, नदीवरच्या पुलापलीकडे, एका तळघरात
नोदारची भट्टी.
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा रांजणच,
तळाशी द्राक्षवेलीच्या काटक्यांचे निखारे.
छत्तीस वर्षं तो तिच्यात कमरेपर्यंत वाकतो,
होडीसारखी ताणलेली कणीक आतल्या भिंतीला थापतो
आणि वर येतो.
दिवसाला चारशे वेळा.
दर वेळी श्वास रोखून.

फेब्रुवारीत एका पहाटे तो वाकला
आणि वर आलाच नाही.
पाठीत काहीतरी कडकन बोललं.
पोऱ्यानं पट्ट्याला धरून ओढून काढलं त्याला,
विहिरीतून पोहरा काढावा तसं.

सुनेनं शाळेच्या व्यायामशाळेत नेलं.
मंगळवार, शुक्रवार, संध्याकाळी सात.
बास्केटबॉलच्या रेघांवर अंथरलेल्या निळ्या चटया,
नऊ बायका, एक निवृत्त पोस्टमन
आणि हा,
मोज्याच्या भोकातून डोकावणारा अंगठा
दुसऱ्या पायाखाली लपवत.
शिकवणारी एतेरी, पूर्वी भालाफेकीची प्रशिक्षक;
शिट्टी अजून गळ्यात.
तिनं अधोमुख श्वानासन करून दाखवलं तेव्हा हा म्हणाला,
माझा कुत्रा रोज सकाळी करतो हे, फुकट.
सगळे हसले. तोही हसला, आणि कळ आली.

एतेरी त्याच्या मागे येऊन उभी राहिली.
म्हणाली, "नोदार, श्वास कुठाय?"
त्यानं शोधला.
खरंच, नव्हता.

त्या रात्री तो आठवत पडला,
कुठे कुठे रोखून धरलाय आपण.
भट्टीत, ते तर झालंच.
मुलगा पोलंडहून फोनवर "सगळं ठीक" म्हणतो, तेव्हा.
विजेच्या बिलाचं पाकीट फाडताना.
म्हातारी झाइरा गल्ल्याशी नाणी मोजते,
एकेक, चुकली की पुन्हा पहिल्यापासून,
तेव्हा दात आवळून.
आणि तेमूरचं नाव निघालं की.
धाकटा भाऊ. द्राक्षमळ्याच्या बांधावरून
अकरा वर्षं अबोला.
अकरा वर्षांचे श्वास किती,
हा हिशेब करता करता उजाडलं.

बदल म्हणावा असं डोळ्यांत भरणारं काही नाही.
हात अजून गुडघ्याखाली चार बोटंच जातात.
शवासनात तो घोरतो; एतेरी त्याचाच कोट
त्याच्या अंगावर टाकते.
फक्त भट्टीत उतरण्याआधी आता तो गुडघे सैल सोडतो
आणि वाकता वाकता श्वास बाहेर टाकतो,
लांब, निखाऱ्यावरची राख हलेल इतकाच.
पोऱ्या विचारतो, काय पुटपुटताय मालक?
झाइरा नाणी मोजते तेव्हा तोही मोजतो मनात,
तिच्याबरोबर, तिच्याच चालीनं.
परवा एक नाणं कमी भरलं. हा गप्प.
शेवटी तीच म्हणाली,
आजारीबिजारी आहेस का रे?

ऑक्टोबरात, मळ्यांतली द्राक्षं उतरली त्या आठवड्यात,
रांगेत चौथा तेमूर.
टोपी हातात. केस केवढे पांढरे.
त्याच्या भागातली भट्टी बंद असेल. नसेलही.
नोदारच्या छातीत सगळं जागच्या जागी थिजलं,
जुन्या सवयीनं.

तो वाकला.
भुवयांना धग,
कानांत फक्त जाळाचा आवाज,
आणि तिथं, जिथं कुणाला दिसत नाही,
त्यानं तो सोडला.

आकडीनं पाव ओढून काढला, कागदात गुंडाळला,
भावाच्या हातात दिला.
पैसे घेतले. सुटे परत केले.
"जपून," म्हणाला, "पोळेल."

तेमूर काही न बोलता जिना चढला.
वर रस्त्यावर पोचताच तुकडा मोडला त्यानं,
दारातून वाफ दिसली.
लहानपणापासून त्याला
घरापर्यंत दम निघत नाही.