काळ्याचं वर्ष

गेल्या साली वेल्ताचा वाफा सगळा पांढरा होता.
यंदा तिनं काळं ठरवलं:
काळा गुलखैरा, काळी पॅन्सी,
आणि रीगाहून टपालानं मागवलेला
कधीच न लावलेला टोमॅटो.
नीट पाहिलं तर काळंही एक नसतं,
काजळ, जांभूळ, भाजलेलं वांगं.

कुंपणापलीकडे गुनार्सनं टोपी काढली,
हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही रे. हौस."
तिनं टोमॅटो चिरला, मीठ भुरभुरलं.
आतून लाल. मग गुनार्सची हनुवटीही.

खसखशीच्या पाकिटानं मात्र फसवलं.
एकच फूल आलं,
भडक गुलाबी, सुतकात वरात शिरावी तसं.
वेल्तानं कात्री उचलली,
परत ठेवली.

पुढच्या साली गुलाबी?
बघू. आधी बी धरू दे.