चालून राहिलं

पाटणसावंगीच्या पुढे डांबर संपलं
तिथं बस थांबली. आठवी ब, छत्तीस पोरं,
मी, आणि पीटीचे गजभिये सर.
वाटाड्या मधुकर धोमणे: भूविज्ञान खात्यात
एकतीस वर्षं साहेबांचे हातोडे वाहिले,
आता निवृत्त. डोक्याला ओला दुपट्टा,
खिशात सोललेलं अर्धं संत्रं.

"हे सगळं वाळवंट होतं जी," ते म्हणाले,
आणि पोरांनी कोरड्या नाल्याकडे पाहिलं,
त्यात नवल ते काय.
मार्चची अखेर. नऊलाच ऊन मानेवर बसलेलं.
बाभळीचा काटा यामिनी ठवकरच्या चपलेतून आरपार.
मागून कोणीतरी: वाघ दिसन का?

मग तांबडा, सपाट कातळ.
काहीच नव्हतं त्यावर.
धोमण्यांनी चपला काढल्या,
देवळात काढतात तशा नाही,
घरात शिरताना काढतात तशा.
वाकले, बाटलीतलं पाणी ओतलं,
एक घोट इथं, एक तिथं,
आणि कातळ काळवंडला, खळगे भरले:
चार बोटं, टाच. चार बोटं, टाच.
मधून शेपटीची ओढत नेलेली रेघ,
फळ्याशेजारून जाताना एखादं पोर
खडू घासत नेतं तशी.

"पाहा बरं," ते म्हणाले,
"कसं मस्त चालून राहिलं."

सोळा वर्षं झाली मला पुण्याहून इथं येऊन.
सोळा वर्षं लाल शाईनं खोडते आहे:
'चालून राहिला' नव्हे, 'चालत आहे'.
समासात बाण. अर्धा गुण वजा.
आणि हे कोण, घोरपडीएवढं,
कुठल्या ओलाव्याकडे निघालेलं,
पोचलं की नाही कोण जाणे.
ते गेलं.
चालून राहिलं.

पोरांनी सतरा पावलं मोजली.
अठराव्याच्या जागी कातळ फोडलेला.
"गेलं कोणाच्या जोत्यात," धोमणे म्हणाले,
रागावले नाहीत.
त्या घरात आत्ता कोणी भात टाकत असेल.

पाणी आटायला किती, दोन मिनिटं.
आधी बोटांची टोकं गेली, मग टाच,
मग कातळ पुन्हा नुसता कातळ.
यामिनीनं स्वतःची बाटली उघडली.
गजभिये सर म्हणाले, पिण्याचं आहे ते,
परत जायचंय अजून.
तिनं माझ्याकडे पाहिलं.

"ओत," मी म्हणाले.

परतीच्या बसमध्ये तहानलेली पोरं
एका संत्र्यावरून
भांडून राहिली होती.