दोर

वैनगंगेच्या काठावर, गढीत, आम्ही एकोणीस.
समोर नदीच्या वाळूत तंबू ठोकून बसलेले किती,
ते तिसऱ्या दिवशी मोजायचं सोडलं.
वैशाखात नदी म्हणजे वाळूच,
आणि उरलेला एक डोह, म्हशीच्या पाठीएवढा,
तोही त्यांच्या अंगाला.

माझ्याकडे बंदूक नव्हती.
मी कोहळी. आजाने बोड्या खोदल्या, बापाने पाळी बांधल्या,
म्हणून लटारू नाईकाने विहीर माझ्या हवाली केली,
दुसऱ्या कुणाच्या हवाली दारूकोठी करावी तशी.

पाचव्या दिवशी पोहरा वाजला नाही.
अधांतरी हलत राहिला.
अंबाडी सगळी नदीपलीकडच्या शेतात,
गढीत वळायला काडीचा ताग नाही.
नाईकाने डोक्यावरचं पागोटं उतरवलं,
माझ्याकडे न बघता पुढे केलं.
चौपदरी करून पीळ दिला की
एवढं मोठं पागोटं उरतं तीन हात.

मग पाणी खाली जात राहिलं
आणि डोकी उघडी पडत गेली.
सोमा मडावीचं, लाल काठाचं.
पैकूचं. त्यात बायकोने दोन पावल्या शिवलेल्या,
त्या काढून त्याने गालात धरल्या
आणि पुढे सगळे दिवस बोबडा बोलला.
सालेम जमादार म्हणाला, आमच्यात असं करत नाहीत.
तेराव्या दिवशी पहाटे
विहिरीच्या काठावर त्याचा साफा होता,
नीट घडी घातलेला.

धोंडबा बुरुजावर गेला त्या दुपारी
त्याचं पागोटं त्याच्यावर पांघरायचं होतं.
नाईक आधी त्याच्याकडे बघत राहिला,
मग विहिरीकडे.
गाठ मीच मारली.

सोळाव्या दिवशी पोहऱ्यात चिखल आला.
नाईक म्हणाला, पांढरं फडकं चढवा आता.
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
धोतरं जखमांना आणि काकड्यांना केव्हाच गेलेली,
आणि जे पांढरं होतं
ते विहिरीत लोंबत होतं, गाळाच्या रंगाचं.
बकाराम हसला. मग सगळेच हसलो,
कोरड्या घशांनी, खोकल्यासारखं.
म्हटलं, उद्या बघू.

त्या रात्री खुंट्या उपटल्याचे आवाज आले.
त्यांचा पगार थकला होता म्हणे,
कुणी म्हणे हगवण.
आम्हाला कुणी सांगायला आलं नाही.

सकाळी डोहावर गुरांसारखे पालथे पडून प्यालो.
परत येऊन दोर वर ओढला.
ओल्यात मारलेल्या गाठी; एक सुटेना.
मी कोयता आणला.
सोमा म्हणाला, "कापू नोको, बा."
तो तसाच रहाटावर राहिला.

गावात शिरलो तर अठरा जण, अठरा बोडकी डोकी.
पांदीवरच्या बायकांनी लांबूनच ओळखलं:
घरचं कुणीतरी गेलं.
एकीने हंबरडा फोडला, मग सगळ्यांनी,
कुणासाठी ते न विचारता.
धोंडबाची आईही त्यांच्यात रडत होती, अजून
इतरांइतकीच.

पैकूने गालातून दोन पावल्या काढल्या,
मांडीला पुसल्या,
बायकोच्या तळहातावर ठेवल्या.
तेव्हा कुठे
एकीचं रडणं थांबलं.