दर्शनी फूट

अल्डर स्ट्रीटला डांबर नव्हतं. चारशे यार्ड खडी,
तिच्या दोन्ही अंगांना सतरा घरं,
मागे गव्हाच्या टेकड्या.
ज्यांना रस्ता हवा त्यांनीच तो विकत घ्यायचा;
नगरपालिका रोखे विकते, कर्ज उभारते,
आणि मला टेप घेऊन पाठवते.

आकारणी इथं तोंड बघून होते. खरोखरच.
घराचं तोंड रस्त्याकडे जितके फूट
तितक्या फुटांचे पैसे. आतली माणसं मोजत नाहीत.
पिकार्डचा प्लॉट अरुंद तोंडाचा, लांब पोटाचा,
स्वस्तात सुटला.
कोपऱ्यावरचे सॅलिनास दुतोंडी ठरले.
"तिकडच्या बाजूनं तर नुसत्या कोंबड्या बघतात माझ्या,"
रेमुंडो म्हणाला. मी टेप गुंडाळली.

थोरा लिंडक्विस्टचे निघाले एकशे अठरा.
वय एक्क्याऐंशी. हप्ते वीस वर्षांचे.
"म्हणजे शेवटचा भरायला
एकशे एकाव्या वर्षी मीच यायचं का?"

सुनावणी गुरुवारी, ग्रंथालयात,
लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन.
मूल्यमापक सांगत होता : रस्ता झाला की जागेची किंमत वाढते,
ती वाढ म्हणजे विशेष लाभ,
लाभाहून एक सेंट जास्त लावता येत नाही.
"लाभ कुणाला?" थोरा.
"जमिनीला."
"मग बिल तिलाच पाठवा."
सगळे हसले. इतिवृत्तात मी लिहिलं : हरकत, एक.

हरकती साठ टक्के झाल्या असत्या तर सगळं बारगळलं असतं.
त्रेचाळीसवर थांबल्या.

ऑगस्टमध्ये रस्ता झाला. काळा, गुळगुळीत.
धूळ गेली. पिकार्डबाईंनी पुढच्या खिडक्या उघडल्या,
पडदे धुतले, अंगणात खुर्ची टाकली.

थोराला फारसं दिसत नाही.
खडी होती तेव्हा करकरीवरून कळायचं :
ही टपालगाडी, हा ड्वेन पिकार्ड,
ही कुणाची तरी वाट चुकलेली मोटार.
आता माणसं एकदम दारातच उगवतात.

मी यादी पुन्हा चाळली.
दर्शनी फूट, दर, लाभ, व्याज.
ऐकू येण्याचा रकाना नाही.

पहिला हप्ता तिनं वेळेत भरला,
चेकवरची सही ओळ सोडून खाली घसरलेली.
पावती टपालानं जाते. मी सायकलवर घेऊन गेलो,
एकशे अठरा फूट
घंटी वाजवत.

"कोण आहे?" आतून आवाज आला.
"इतका वेळ कोण वाजवतं?"