मधलं घर

नेब्रास्का, टॅलमन काउंटी. तीनशे अकरा घरं.
सगळी एका रांगेत उभी करायची, मनातल्या मनात:
या टोकाला अर्ल स्टुबेनचा ट्रेलर, गॅसची टाकी रिकामी,
त्या टोकाला क्विगली, ज्यांच्या कुरणात
त्यांचंच विमान उतरतं.
मग दोन्हीकडून एकेक घर खोडत यायचं.
शेवटी उरेल ते, एकशेछपन्नावं,
त्याची कमाई ती आमची कमाई.
ट्रेनिंगमध्ये मला एवढंच कळलं.

पण रांग पाहिलीय कोणी?
माझ्या वाट्याला आली चौदा घरं.
पाचांनी दार उघडलं नाही,
एकाने कुत्रं सोडलं.

मर्ना हॅस्क म्हणाली, "गेल्या बारा महिन्यांत?
वासरं विकली त्या दिवशी विचारतेस,
की बँकेतून परत आलो त्या दिवशी?"
नवरा पाठमोरा, सिंकपाशी. त्याने एक आकडा सांगितला.
तिने टेबलाखालून बोटांनी दुसरा दाखवला.
मी तिचा लिहिला.

वेंडेल ओर्टमनने बुटांचा खोका आणून माझ्यापुढे पालथा केला.
पेन्शनचे कागद, कानाच्या मशीनचं बिल,
कुणाचा तरी दुधाचा दात,
आणि एक चिठ्ठी: "टायर चार. नंतर देतो."
"हे जमेत धरायचं का, ऑर्फा?"
मी फॉर्म उलटसुलट पाहिला.
'नंतर'ला रकाना नव्हता.

ऑफिसात ड्यूवॉल म्हणून एकजण आहे, मेरीलँडला,
त्याला फोनवर विचारलं,
आठ घरांवरून तीनशे अकरांचं कसं सांगता?
म्हणाला, उसनं घेतो.
थोडं शेजारच्या काउंट्यांकडून, थोडं टॅक्सच्या कागदांतून,
थोडं धान्याच्या कार्डांवरून.
मला एकदम बरं वाटलं.
म्हणजे आमच्यासारखंच.
माझ्या फ्रीजरमधलं अर्धं मांस हॅस्कांचं आहे,
हॅस्कांचा जनरेटर माझा.

डिसेंबरात आकडा आला:
अठ्ठेचाळीस हजार दोनशे सतरा.
आणि खाली बारीक अक्षरांत, नऊ हजार तीनशे,
इकडे किंवा तिकडे.
चूकभूल द्यावी घ्यावी.
नऊ हजार तीनशे म्हणजे मर्नाच्या दाढा,
दोन हिवाळ्यांचा गॅस,
आणि ते चार टायर, आता.
एवढी चूक आमच्यात कोणाला परवडली असती?

शाळेच्या छपराला पैसे मिळणार होते.
सव्वादोनशे डॉलरांनी गरीब व्हायचे राहिलो.
बादली अजून तिसरीच्या वर्गातच आहे.

क्विगलींनी जानेवारीत दुसरं विमान घेतलं.
मधलं घर तसूभर हललं नाही.
त्या आकड्याचं मला एवढं एकच आवडतं,
टोकाशी कोणी कितीही पंख फडफडवले
तरी तो मान वळवून बघत नाही.

मार्चमध्ये वेंडेलला मुलगी घेऊन गेली, कर्नीला.
खोका नेला, कोंबड्या मला दिल्या.
तीनशे दहा.
मी पुन्हा फोन केला. आता मधलं कोण?
"कोणीच नाही," ड्यूवॉल म्हणाला,
"सम संख्या आली की मध्य दोन घरांच्या मधे पडतो."

ती दोन घरं कोणती ते त्यालाही ठाऊक नाही.
तरी परतताना हॅस्कांचा दिवा मागे पडला
आणि पुढचा अजून दिसत नव्हता,
तिथे मी गाडी थांबवली.
तारेचं कुंपण. गवत. बर्फाची शिळी कड.
हेडलाइटमध्ये एका गाईचे डोळे,
काही न विचारणारे.
बराच वेळ कोणी आलं नाही.

मग गाडीचा मीटर बघून मैल लिहून ठेवले.
मैलांचे पैसे मिळतात.