पावली

कंपनी गेली, डबा राहिला.
सावद्याला त्यांचं ऑफिस होतं तिथं आता
केळीच्या क्रेटची थप्पी.
डब्यात मात्र ते अजून नांदतात.
सेटिंगचं पान उघडलं की त्यांचंच चिन्ह,
हे बटण पुसट, ते बटण पुसट,
"कृपया आपल्या सेवादाराशी संपर्क साधा."
पैसे मी भरले, वीज माझी,
भिंतीत खिळासुद्धा मी ठोकला.
किल्ली त्यांच्याकडे.

मे महिना, पारा सेहेचाळीसवर.
दुपारी राऊटर तव्यासारखा तापतो
आणि दिल्लीच्या ट्रकांची बिलं अर्ध्यात टाकून
डोळे मिटतो.

उलटा करून त्याची पाठ वाचली.
मॉडेल, आणि खाली बारीक अक्षरात: आवृत्ती तीन.
दोन चालत नाही, चार चालत नाही.
सावदा नकाशात कुठंय हे ठाऊक नसलेल्या कुणीतरी
नेमकं या तीनसाठी रात्री जागून
दुसरं मन लिहून ठेवलंय.
फुकट. सात एमबी.
माझ्या भाचीच्या एका फोटोएवढं.

चढवताना लाईट जायला नको, एवढीच अट.
पहाटे चारला बसले. चारला कोण घालवतं लाईट?
पट्टी सरकत होती. चाळीस. एकसष्ट.
पंख्याचा आवाज थांबला,
मग मला कळलं.

याला म्हणतात, डब्याची वीट झाली.
मला वीट आला तो दहा वाजता,
बिलं मागणारा तिसरा फोन आल्यावर.

सुपडू नेहते पूर्वी रेडिओ बघायचे,
आता मिक्सर, मोटारीचे स्टार्टर.
त्यांनी कव्हर उचकटलं, नाकाजवळ नेऊन हुंगलं.
"जयेल नाही," म्हणाले.
पाटीवर एका ओळीत चार ठिपके.
एक सोडून तिन्हींना वायरी डकवल्या,
"बोलतो का बघ."

लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर अक्षरं आली.
मन गेलं होतं, तरी
दर वेळी करंट दिला की तो तीन सेकंद थांबायचा,
विचारायचा: काही पाठवताय का?
आणि उत्तर नाही मिळालं की गप्प.
त्या तीन सेकंदांत कळ दाबायची.
दोनदा माझं बोट उशिरा पडलं.

"माह्या आधीचे दोन गेले," सुपडूभाऊ म्हणाले,
सोल्डरच्या धुरात डोळे बारीक करून.
"मंग मायनं मले सुपात घातलं, उकिरड्यावर ठेवलं.
शेजारनीनं उचललं.
मायनं तिले पावली देऊन मले इकत घेतलं.
दाब आता."

दाबली.

पहिला दिवा, दुसरा, चौथा.
तिसरा पुन्हा कधी लागला नाही.
नव्या पानावर कुणाचंच चिन्ह नव्हतं.
देश निवडा. वेळ निवडा.
नाव द्या.

आता आमच्या गल्लीत मोबाईल उघडला
की यादीत वरच दिसतं: सुपडू.
नेहते स्वतः एकदा थांबून बघून गेले,
हसले नाहीत, पण विडीही पेटवली नाही.

समोरच्या झोप्यांचा मुलगा पासवर्ड मागतो.
सांगून टाकते.
इंग्रजी अक्षरांत पावली, दोन ए घालून.
आठ अक्षरं भरत नव्हती,
म्हणून पुढे पंचवीस.